ऐंशीच्या दशकातली आठ रॉक गाणी: शेवटून पहिल्यापर्यंत

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे छाटलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आज क्रमवारी लावायची आहे, म्हणजे आज भांडणं होणार हे ठरलेलंच. विषय आहे १९८० ते १९८९ या दहा वर्षांतलं मेनस्ट्रीम रॉक. आठ गाणी, आठव्यापासून पहिल्यापर्यंत.

तुमच्या फोनमध्ये 'एटीज रॉक' नावाची एखादी प्लेलिस्ट असेलच. जिममध्ये, ट्रेकला जाताना गाडीत, ऑफिसच्या पार्टीत ती लागते. आता त्या प्लेलिस्टमध्ये माणसं कोण आहेत ते बघा. एक गोदी कामगार, ज्याच्या युनियनचा संप चालू आहे. एक व्हिएतनामहून परतलेला माजी सैनिक, ज्याला काम मिळत नाहीये. दुकानात फ्रीज आणि ओव्हन उचलणारा एक माणूस. आणि एक जण, जो सोडून गेलेल्या बाईवर अखंड नजर ठेवून आहे. अशी ही माणसं, आणि आपण त्यांच्या तालावर बर्पी मारतोय.

माझं म्हणणं साधं आहे. या दशकातल्या मोठ्या गाण्यांमध्ये आवाज एक सांगतो आणि शब्द दुसरंच सांगतात. काही ठिकाणी ही फट मुद्दाम ठेवलेली आहे, काही ठिकाणी ती नकळत पडलीये, आणि काही गाण्यांत सांगण्यासारखं फारसं नसल्यामुळे फटच नाही. माझी क्रमवारी या फटीवर लावलेली आहे. गिटार सोलो किती वेगात वाजवलाय, यावर नाही.

नियम दोनच. गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या दहात आलेलं हवं, कारण आपण मेनस्ट्रीमबद्दल बोलतोय. आणि एका बँडचं किंवा गायकाचं एकच गाणं.

आधी तो आवाज आला कुठून?

ऐंशीचं गाणं दोन सेकंदांत ओळखता येतं, आणि बहुतेक वेळा ओळख पटते ती ड्रममुळे. 'धाड' करून मोठा आवाज येतो आणि तो विरत जायच्या आत कुणीतरी दार लावल्यासारखा कापला जातो. यामागची गोष्ट आमच्या इंजिनिअर जमातीला फार आवडते.

पीटर गॅब्रिएलचा तिसरा अल्बम १९८० साली आला. त्याचं काम लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत झालं. ड्रमवर फिल कॉलिन्स, इंजिनिअर ह्यू पॅजम. तिथल्या मिक्सिंग डेस्कला एक जास्तीचा माइक जोडलेला होता. त्याचं काम एवढंच, की आत बसलेला वादक काही बोलला तर ते बाहेर कंट्रोल रूममध्ये ऐकू यावं. कुजबुजही ऐकू यायला हवी म्हणून त्याला जबरदस्त कॉम्प्रेसर लावलेला होता. कॉलिन्स ड्रम वाजवत असताना हा माइक चालू होता आणि बाहेर जो आवाज आला तो राक्षसी होता. मग त्यावर त्यांनी नॉइज गेट बसवलं. गेट म्हणजे सरळसरळ एक 'इफ' कंडिशन: आवाज अमुक पातळीच्या खाली गेला की म्यूट. घुमणारा आवाज मोठा होतो आणि मधेच तुटतो, असं त्यामुळे झालं. गॅब्रिएलच्या 'इंट्रूडर'मध्ये तो पहिल्यांदा ठळकपणे ऐकू येतो, आणि १९८१ मध्ये कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाइट'ने तो घराघरात नेला. मग काय, पुढची काही वर्षं प्रत्येकाला आपला ड्रम तसाच हवा होता.

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ सिंथेसायझर आला. त्याचं प्रोग्रॅमिंग इतकं किचकट होतं, की बरेच लोक कंपनीने आत भरून दिलेले तयार आवाजच वापरायचे. त्यामुळे वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या गाण्यांत तोच इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो. आमच्याकडे याला डीफॉल्ट सेटिंग न बदलणं म्हणतात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे एमटीव्ही. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत ते सुरू झालं आणि गाणं ऐकण्याबरोबर बघायचीही गोष्ट झाली. मोठा ड्रम, चकचकीत सिंथ, मोठे केस. या सगळ्यात दुःखाचं गाणंसुद्धा विजयाच्या मिरवणुकीसारखं वाजू लागलं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

क्रमांक ८: 'वी बिल्ट दिस सिटी', स्टारशिप (१९८५)

२००४ मध्ये 'ब्लेंडर' मासिकाने याला सर्वांत वाईट गाण्यांच्या यादीत पहिला मान दिला होता. माझ्या यादीतही ते तळाला आहे, पण माझं कारण वेगळं आहे.

हा बँड मूळचा जेफरसन एअरप्लेन. १९६५ मधला सॅन फ्रान्सिस्कोचा, हिप्पी चळवळीतला, १९६९ ला वुडस्टॉकमध्ये वाजवलेला. पुढे तो जेफरसन स्टारशिप झाला. १९८४ मध्ये संस्थापकांपैकी पॉल कँटनर बाहेर पडला, नावावरून कायदेशीर भांडण झालं, आणि उरलेल्यांनी 'जेफरसन' गाळून नुसतं 'स्टारशिप' ठेवलं. गाणं बाहेरच्या लोकांनी लिहिलेलं. शब्द मुळात बर्नी टॉपिनचे, म्हणजे एल्टन जॉनच्या गीतकाराचे, आणि त्यांचा मूळ विषय होता लॉस एंजेलिसमधले बंद पडत चाललेले लाइव्ह म्युझिकचे क्लब.

चांगला विषय आहे ना? पण तयार गाण्यात काय उरलं? कॉर्पोरेट लोकांनी संगीताची वाट लावली अशी तक्रार, आणि ती तक्रार गुळगुळीत सिंथ आणि मशीनच्या ड्रमवर. गाण्याच्या मध्यावर रेडिओ निवेदकाचा आवाज येतो, तो चक्क एमटीव्हीच्या एका बड्या अधिकाऱ्याचा, लेस गारलँडचा आहे. आरोपीनेच फिर्याद लिहून द्यावी तसं झालंय. सिंथ वापरला म्हणून मी गाण्याला वाईट म्हणत नाही. ते ज्याच्याविरुद्ध बोलतं त्याच्याच आवाजात बोलतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो, म्हणून ते आठवं.

आणि हो, ते पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. कोरस एकदा डोक्यात शिरला की दोन दिवस निघत नाही, हेही खरं.

क्रमांक ७: 'द फायनल काउंटडाउन', युरोप (१९८६)

यावर लवकर आटपतो. स्वीडनचा बँड. गायक जोई टेंपेस्टने कीबोर्डवरचा तो तुताऱ्यांसारखा तुकडा गाण्याच्या बराच आधी रचून ठेवलेला होता. शब्द पृथ्वी सोडून निघालेल्या माणसांबद्दल, डेव्हिड बोवीच्या 'स्पेस ऑडिटी'वरून सुचलेले. कल्पना उदास आहे, पण तुताऱ्या वाजल्या की कोण उदास होणार? गंमत म्हणजे खुद्द गिटारिस्ट जॉन नोरम कीबोर्डच्या या वर्चस्वाला कंटाळून, गाणं गाजत असतानाच बँड सोडून गेला. म्हणजे शब्द हरले आणि गिटारही हरली, जिंकला एकटा कीबोर्ड. लग्नाच्या हॉलमध्ये नवरानवरीच्या एन्ट्रीला हे लावणाऱ्यांनी 'शेवटची उलटी गिनती' या अर्थावर एकदा विचार करावा, एवढंच.

क्रमांक ६: 'आय ऑफ द टायगर', सर्व्हायव्हर (१९८२)

सिल्व्हेस्टर स्टॅलनला 'रॉकी ३' साठी क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हवं होतं. परवानगी मिळाली नाही, मग त्याने सर्व्हायव्हरला फोन केला. सुरुवातीचे ते तुटक गिटारचे फटके पडद्यावरच्या ठोशांशी जुळवून बसवलेले आहेत. म्हणजे हे गाणं एका ठरावीक कामासाठी बनवलं, आणि ते काम ते आजही चोख करतं. अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

यात आवाज आणि शब्द यांच्यात काही अंतर नाही. दोघंही म्हणतात: ऊठ, लढ. त्यामुळे ते प्रामाणिक आहे आणि त्यामुळेच उथळही. तुम्ही पन्नास वेळा ऐका, पन्नासाव्या वेळी नवं काही सापडणार नाही. पण स्टारशिपसारखं ढोंग नाही, म्हणून दोन पायऱ्या वर.

क्रमांक ५: 'लिव्हिन' ऑन अ प्रेयर', बॉन जोवी (१९८६)

आता खरी गंमत सुरू होते. कोरस सगळ्यांना पाठ आहे, कडवी किती जणांनी नीट ऐकलीत? गाण्यातला टॉमी गोदीत काम करायचा, पण युनियनचा संप चालू आहे. जीना हॉटेलात वाढप्याचं काम करते आणि तिच्या पगारावर घर चाललंय. पैशांसाठी टॉमीने गिटारसुद्धा गहाण टाकली आहे.

ही १९८६ ची अमेरिका आहे. पाच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९८१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी संपावर गेलेल्या ११,००० हून जास्त हवाई वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात कामावरून काढून टाकलं होतं. त्यानंतर संप करणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवणं, हे तिथल्या प्रत्येक कामगाराला कळलं. आपल्याकडेही साधारण त्याच काळात, जानेवारी १९८२ मध्ये, मुंबईत गिरणी संप सुरू झाला. दोन्ही संपांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ज्यांच्या घरात गिरणगावच्या गोष्टी ऐकायला मिळाल्यात, त्यांना टॉमी-जीनाच्या घरातली शांतता समजावून सांगावी लागणार नाही. घरातल्या बाईच्या कमाईवर चूल पेटणं, ही गोष्ट लालबागला माहीत होती.

मग हे गाणं पाचवंच का? कारण गाणं प्रश्न विचारतं आणि उत्तर टाळतं. कडव्यात संप, पैसे, गहाण, आणि कोरसमध्ये: आपण एकमेकांना धरून राहू, होईल काहीतरी. शेवटच्या कोरसला तर सूरच वर चढतो. या चढण्याला की चेंज म्हणतात आणि तो अंगावर काटा आणतो, माझ्याही. पण टॉमीची नोकरी परत आली का? गाण्याला त्याचं काही पडलेलं नाही. सूर वर गेला म्हणजे परिस्थिती सुधारली असं आपल्याला वाटवलं जातं. कारागिरी म्हणून लाजवाब, पण हिशोब म्हणून कच्चं.

क्रमांक ४: 'आय लव्ह रॉक अँड रोल', जोन जेट अँड द ब्लॅकहार्ट्स (१९८१-८२)

हे मूळ जोनचं गाणं नाही. १९७५ मध्ये 'द ॲरोज' नावाच्या बँडने ते आधी केलं होतं. मूळ गाण्यात मुलगा ज्यूकबॉक्सपाशी उभ्या मुलीला हेरतो. जोनने बाकी फारसं काही हलवलं नाही, फक्त 'ती'चा 'तो' केला. आता मुलगी बघते, मुलगी ठरवते, मुलगी जाऊन विचारते.

एका सर्वनामाचा बदल. आमच्या भाषेत एका ओळीचा कमिट, पण अख्ख्या प्रोग्रॅमचा अर्थ बदलला. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी जोनला एकामागून एक नकार दिले होते. मग तिने आणि निर्माता केनी लगूना याने स्वतःचीच कंपनी काढली, सुरुवातीला तर गाडीच्या डिकीतून रेकॉर्ड विकल्या. आणि मग हे गाणं सलग सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. आवाज उघडाबोडका: गिटार, टाळ्या, ड्रम. या यादीतलं सर्वांत कमी 'ऐंशी' वाटणारं गाणं हेच.

तक्रार एक आहे. गोष्ट एका खोलीत सुरू होते आणि त्याच खोलीत संपते. वरच्या तीन गाण्यांइतकं ते लांब बघत नाही.

क्रमांक ३: 'मनी फॉर नथिंग', डायर स्ट्रेट्स (१९८५)

न्यूयॉर्कमधलं घरगुती उपकरणांचं दुकान. भिंतीवरच्या टीव्हींवर एमटीव्ही चालू आहे आणि दुकानात काम करणारा एक माणूस ते बघत रॉकस्टार लोकांना शिव्या घालतोय: आम्ही इथे ओव्हन बसवतो आणि हे काही न करता पैसे कमावतात. तिथे आलेल्या मार्क नॉफ्लरने ते ऐकलं आणि गाणं दुकानातच लिहायला घेतलं.

म्हणजे रॉकस्टारने रॉकस्टारवर चिडलेल्या कामगाराच्या तोंडून गाणं लिहिलं. त्यात सुरुवातीला स्टिंगचा आवाज आहे, एमटीव्हीचं जाहिरातवाक्य गाणारा. त्याची चाल त्याच्याच 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी' ची, म्हणून गीतकारांत त्याचंही नाव लागलं. व्हिडिओ स्टीव्ह बॅरनने केला, त्यात कॉम्प्युटरवर बनवलेली ठोकळ्यांसारखी माणसं. आज ती आपल्याला जुन्या गेममधली वाटतील, पण १९८५ मध्ये एवढं कॉम्प्युटर ॲनिमेशन संगीताच्या व्हिडिओत नवलच होतं. एमटीव्हीची टर उडवणारं गाणं एमटीव्हीने डोक्यावर घेतलं, आणि १ ऑगस्ट १९८७ ला एमटीव्ही युरोप सुरू झालं तेव्हा पहिला व्हिडिओ हाच लावला. हे गाणं ज्यात आहे तो 'ब्रदर्स इन आर्म्स' अल्बम सीडीवर दहा लाख प्रती खपलेला पहिला अल्बम.

आता टीका. एका कडव्यात समलिंगी पुरुषांसाठीची शिवी तीनदा येते. २०११ च्या जानेवारीत कॅनडाच्या प्रसारण मानक मंडळाने मूळ गाणं रेडिओवर वाजवायला अयोग्य ठरवलं, आणि काही महिन्यांत निर्णय बदलून तो स्टेशनांवर सोपवला. नॉफ्लरची बाजू अशी, की शब्द त्या पात्राचे आहेत. मान्य. पात्राने पात्रासारखंच बोलावं. माझा प्रश्न वेगळा आहे: या गाण्यात आपण कोणाला हसतो? रॉकस्टारला की कामगाराला? गिटारचा तो रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, इतका झकास आहे की गाणं सुरू होताच रॉकस्टार जिंकलेला असतो. ज्याच्या वाक्यांवर गाणं उभं राहिलं, तो माणूस दुकानातच राहिला. फट मुद्दाम ठेवलेली आहे, पण तिचा फायदा कोणाला झाला हे विचारायला हवं.

मधेच एक प्रश्न: क्वीन कुठे आहे?

हा प्रश्न मेसेजमध्ये येणारच, म्हणून आधीच घेतो. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, शाळेत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता, हे आपण अभिमानाने सांगतो. मग यादीत क्वीन नको का?

१९८० मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिलं होतं, पण त्यानंतर त्या दशकात क्वीनचं एकही गाणं तिथे पहिल्या दहात गेलं नाही. १९८४ च्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री' च्या व्हिडिओत चौघं बायकांच्या वेशात दिसतात. एका ब्रिटिश टीव्ही मालिकेची ती नक्कल होती. ब्रिटनमध्ये लोक हसले आणि गाणं तिसऱ्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत अनेकांना ते पचलं नाही आणि गाणं ४५ वर अडकलं. मोठमोठे केस, घट्ट पँट, डोळ्यांत काजळ हे सगळं रॉकच्या पुरुषांना चालत होतं, पण साडीसारखी गोष्ट नेसून कोणी केर काढला की संपलं! मेनस्ट्रीम या शब्दाची कुंपणं अशी दिसतात.

दुसरं कुंपण वंशाचं. एमटीव्ही सुरुवातीला कृष्णवर्णीय कलाकारांची गाणी फारच कमी लावायचं. १९८३ मध्ये डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखतीत कॅमेऱ्यासमोर याचा जाब विचारला होता. मायकल जॅक्सनच्या 'बीट इट' मध्ये गिटार सोलो खुद्द एडी व्हॅन हेलनचा आहे, तरी कुणी त्याला रॉकच्या यादीत पटकन घालत नाही. माझीही यादी याच कुंपणाच्या आतली आहे. विषयच 'मेनस्ट्रीम रॉक' घेतला की कुंपण सोबत येतं, म्हणून ते दाखवून पुढे जातो.

क्रमांक २: 'एव्हरी ब्रेथ यू टेक', द पोलीस (१९८३)

मार्च १९८० मध्ये द पोलीसने मुंबईत कार्यक्रम केला होता, हे ऐकून आजही लोकांना खरं वाटत नाही. तेव्हा ते नवे होते. तीन वर्षांनी हे गाणं आलं आणि अमेरिकेत आठ आठवडे पहिलं राहिलं. सहनिर्माता कोण? तोच, टाउनहाउसवाला ह्यू पॅजम. पण इथे त्याने उलटं केलं. राक्षसी ड्रम नाही, पसारा नाही. अँडी समर्सचा गिटारवरचा एक हळुवार, न थांबणारा तुकडा, आणि त्यावर स्टिंगचा शांत आवाज.

लोक हे लग्नात वाजवतात. आता शब्द बघा: तू काय करतेस, कुठे जातेस, सगळं मी बघत राहणार. तू माझी आहेस. हे प्रेम नाही, पाळत आहे. स्टिंगनेही अनेकदा सांगितलंय की हे गाणं भयंकर आहे, गोड नाही.

मला यात गाण्याची चूक वाटत नाही. पाळत ठेवणारा माणूस स्वतःला खलनायक समजत नाही, प्रेमीच समजतो. त्याच्या डोक्यात जे संगीत वाजत असेल ते असंच सुंदर असणार. गिटारचा तो तुकडा थांबत नाही, कारण तो माणूस थांबत नाही. आवाज आणि शब्द यांतली फट इथे मुखवट्याचं काम करते.

आणि हे आपल्या पिढीला जास्त लागू आहे. १९८३ मध्ये त्या माणसाला घराबाहेर उभं राहावं लागलं असतं. आज त्याला लाइव्ह लोकेशन, 'लास्ट सीन' आणि निळ्या टिका पुरतात. 'काळजी वाटते म्हणून विचारतो' हे वाक्य किती मैत्रिणींनी ऐकलंय ते त्यांनाच विचारा. आपल्या सिनेमांनी पिच्छा पुरवणाऱ्याला वर्षानुवर्षं हिरो केलं, त्यामुळे आपल्याला हे गाणं रोमँटिक वाटणं साहजिक आहे. म्हणूनच शब्दांसकट ऐकायला हवं.

पहिलं का नाही? कारण हा एका माणसाच्या डोक्यातला अंधार आहे. पहिल्या गाण्यात अख्खा देश आहे.

क्रमांक १: 'बॉर्न इन द यू.एस.ए.', ब्रूस स्प्रिंगस्टीन (१९८४)

झेंडा, जीन्स, मुठी वळलेला गायक आणि देशाचं नाव घेणारा कोरस. कोणीही म्हणेल, देशभक्तीचं गाणं. कडव्यांतली गोष्ट अशी: मेलेल्या गावात जन्मलेला मुलगा, किरकोळ भानगडीत सापडतो, त्याला व्हिएतनामला पाठवतात. परत येतो तर कारखान्यात काम नाही, माजी सैनिकांच्या कचेरीत उत्तर नाही. भाऊ तिकडेच मेला. शेवटी तो तुरुंगाच्या आणि रिफायनरीच्या सावलीत उभा आहे, कुठेही जायला जागा नसलेला.

स्प्रिंगस्टीन स्वतः युद्धावर गेला नाही, तो सैन्याच्या तपासणीत बाद झाला होता. पण त्याच्या पहिल्या बँडचा ड्रमर, बार्ट हेन्स, १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. ऑगस्ट १९८१ मध्ये त्याने लॉस एंजेलिसला माजी सैनिकांच्या संघटनेसाठी मदतीचा कार्यक्रम केला. हे गाणं त्या काळातलं. आधी त्याने ते एकट्याने, अकूस्टिक गिटारवर रेकॉर्ड केलं होतं, आणि ती आवृत्ती १९९८ मध्ये बाहेर आली. ती ऐका. गैरसमजाला जागाच नाही, थंड आणि रिकामी आहे.

मग पूर्ण बँडबरोबर ते पुन्हा केलं. मॅक्स वाइनबर्गचे तोफेसारखे ड्रम, रॉय बिटनच्या सिंथवर तो एकच तुकडा. अख्खं गाणं जवळजवळ दोन कॉर्डवर चालतं. सप्टेंबर १९८४ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, जॉर्ज विल नावाच्या उजव्या विचारांच्या स्तंभलेखकाने स्प्रिंगस्टीनची वाहवा करणारा लेख लिहिला. काही दिवसांनी, १९ सप्टेंबरला, रीगन यांनी न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथल्या सभेत त्याच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा गौरव केला. दोन दिवसांनी पिट्सबर्गच्या कार्यक्रमात स्प्रिंगस्टीनने मंचावरून विचारलं, की राष्ट्राध्यक्षांचा आवडता अल्बम नक्की कोणता असेल, आणि 'जॉनी ९९' गायलं. ते गाणं कारखाना बंद पडल्यावर गुन्ह्याकडे वळलेल्या कामगाराचं आहे. क्रायस्लर कंपनीला हे गाणं जाहिरातीसाठी हवं होतं, त्यासाठी मोठी रक्कम देऊ केली होती. त्याने नकार दिला.

आता समीक्षक दोन गटांत भांडतात. एक म्हणतो, लोक मूर्ख, शब्द ऐकत नाहीत. दुसरा म्हणतो, चूक गाण्याची, एवढा विजयी आवाज दिल्यावर लोक दुसरं काय समजणार? मला दोन्ही पटत नाही. तो कोरस कोण म्हणतंय ते बघा. ज्याला देशाने वापरून फेकलं तोच ओरडून सांगतोय की मी इथला आहे. यात अभिमान आहे, राग आहे आणि हक्काची मागणीही आहे, तिन्ही एकाच ओळीत. अकूस्टिक आवृत्तीत नुसतं दुःख उरतं. मोठ्या ड्रमवर त्याच शब्दांचा दावा होतो: हा देश माझाही आहे, आता हिशोब द्या. म्हणजे बॉन जोवीने जो चढलेला सूर समस्या झाकायला वापरला, तोच मोठा आवाज स्प्रिंगस्टीनने समस्या ठणकावायला वापरला.

याची किंमतही त्याने मोजली. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत कोणी ना कोणी हे गाणं झेंड्यासारखं फडकवत राहिलं. १९९५ नंतरच्या एकट्याच्या दौऱ्यात तो ते पुन्हा अकूस्टिक, जवळजवळ ओळखू न येण्यासारखं वाजवायचा. देशावर प्रेम असणं आणि देशाला जाब विचारणं ही एकाच माणसाची कामं आहेत, हे ज्या काळात समजावून सांगावं लागतं त्या काळात हे गाणं पहिलं असायला हवं. म्हणून पहिलं.

जाता जाता

ही गाणी आपल्याकडे आली तेव्हा एमटीव्ही इथे नव्हतं, ते १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर आलं. तोवर कॅसेट होत्या, कॉपीची कॉपी, शब्दांचा कागद नाही. इंग्रजी उच्चार अर्धे कळायचे, कोरस पूर्ण कळायचा. त्यातूनच मुंबईत रॉक मशीनसारखे बँड उभे राहिले, १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक महोत्सव सुरू झाला. ३० सप्टेंबर १९८८ ला दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर ॲम्नेस्टीच्या मानवाधिकार दौऱ्यात स्प्रिंगस्टीन आणि स्टिंग दोघंही गायले, म्हणजे आपल्या यादीतले पहिले दोघं एकाच मंचावर. त्या पिढीला शब्द मिळत नव्हते. आपल्याला फोनवर एक बोट लावलं की गाण्यासोबत सरकत जाणारे शब्द दिसतात, आणि तरी आपण स्क्रीन लॉक करून खिशात ठेवतो.

तर या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या आवडत्या ऐंशीच्या गाण्याची फक्त कडवी वाचा, कोरस सोडून. मग तुमची आठची यादी पाठवा. 'स्वीट चाइल्ड ओ' माइन' का नाही म्हणून भांडणाऱ्यांनी कारणासकट भांडावं, नुसता सोलो चांगला आहे हे कारण चालणार नाही. पुढच्या भागात तुमच्या याद्या वाचू आणि माझ्या यादीची चिरफाड करू. तोवर, काळजी घ्या!